उकळत्या पाण्याचे ऐंशी

मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो, आणि खरे सांगितल्याची मला लाज वाटते.

माझी काच फ्रान्समध्ये फुंकली गेली. दूरच्या उसाच्या बेटावर, सूयाक गावाजवळच्या एका साखर कारखान्यात मी वर्षानुवर्षे उकळत्या रसात बुडालो. "याचा शब्द पक्का," असे कामगार म्हणत. मग नवे थर्मामीटर आले आणि मला तिथल्या मराठी मुलांच्या बैठकीला, म्हणजे संध्याकाळच्या शाळेला, दान केले. नको झालेले दान करणे सोपे असते. माझ्या फळीवरची फ्रेंच अक्षरे वाफेने केव्हाच पुसली होती; आकडे तेवढे उरले होते.

१९५६ साली यशपाल मास्तरांनी शिकवले, "पाणी शंभरावर उकळतं." पुस्तकात तसे होते. चंद्रकलाने मला उकळत्या डेगचीत धरले.

"मास्तर, ऐंशी हाय."

"गेत ब्यें! नीट बघ."

"बघितलं की. पारा हितंच थांबलाय."

"मांतेर! खोटं बोलतीस?" हातावर पट्टी बसली. मागून जयराम खिदळला, "आयो, हिचं पाणी कच्चंच उकळतंय!"

मला ओरडता येईना. पूर्वीचे शहाणे म्हणत, उष्णता हा एक न दिसणारा रस आहे, तो गरम वस्तूतून गार वस्तूत वाहतो. साफ चूक! पण त्यांनी काच बुडवून पाहिली तरी होती. मास्तर माझ्याकडे वाकलेसुद्धा नाहीत.

पुढे इन्स्पेक्टर आले. त्यांनी शिफारस केली तरच ऊस तोडणाऱ्याच्या या पोरीला शहरातली शाळा मिळणार होती. पुन्हा डेगची, पुन्हा मी. पारा ऐंशीवर थांबला. चंद्रकला माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शंभर."

टाळ्या पडल्या. साहेबही वाकले नाहीत. शरमेने पारा खाली उतरावा असे वाटले. पण पाणी उकळतच होते.

ती शिकली. आठ-नऊ वर्षांनी शिक्षिका होऊन बैठकीत आली आणि तिने मला धुळीतून उचलले.

"मास्तर, हा जुन्या फ्रेंच मोजणीचा. त्या मोजणीत उकळीला ऐंशीच म्हणतात."

मास्तरांची मान खाली गेली. "मग पोरी, तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. काच आहे, कधीतरी फुटेन. पण कुणाचा आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर पट्टी उचलण्याआधी जरा वाकून पारा बघा.