देशाची सावकारीण

“केतकी, त्या देशावर त्याच्या वर्षभराच्या कमाईहून मोठं कर्ज आहे. आला येन की कर रुपये!” निघताना नीलकंठमामांनी बजावलं होतं. मामांची हयात बँकेत गेलेली. केतकी अर्थशास्त्रात एम.ए. “मामा, जपान आहे तो, गल्लीतली पतपेढी नव्हे,” म्हणत तिने ते उडवून लावलं होतं.

२०१०च्या मे महिन्यात जपानमधल्या निशी-कसाई भागातल्या तिच्या फ्लॅटमधल्या टीव्हीवर कर्जात बुडालेल्या ग्रीसचं अथेन्स पेटलेलं दिसलं आणि तिचं धाबं दणाणलं. स्वतःपेक्षा काळजी शेजारच्या कुवाबारा-सानची. ब्याऐंशी वर्षांच्या या एकट्या बाईंनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून साठवलेलं सगळं सरकारी रोख्यांत घातलं होतं. लेकीला, सईला, कडेवर घेऊन केतकी तडक त्यांच्या दारात.

“रोखे मोडा, कुवाबारा-सान. ग्रीस बघितलंत ना?”

“काय बिनसलं त्यांचं?” फाटक्या मोज्याला टाका घालत त्यांनी विचारलं.

“सोळा बिऱ्हाडांची एकच चूल. युरो सगळ्यांचा, एकट्या ग्रीसला नोटा छापून आच कमीजास्त करता येत नाही,” केतकीने मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं.

“आमची चूल आमचीच आहे की. आणि सरकार देणं लागतं कुणाचं?” त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं, ‘मी’ म्हणायची इथली खूण. “माझं! मीच परत मागत सुटले तर सरकार तुझ्या सई-चानला लस कशातून टोचणार?”

एवढ्या बलाढ्य राष्ट्राला उसने देणारी बाई समोर बसून मोजा शिवत होती. वाकून नमस्कार करावासा वाटला केतकीला.

“व्याज दर सहा महिन्यांनी येतं, चुकत नाही,” त्या हसल्या. “मेले तरी खात्यात येतच राहील. कुणाला पत्ता लागायचा नाही.”

केतकीला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या दाराच्या फटीतलं वर्तमानपत्र बघू लागली. नऊच्या आधी ते ओढून घेतलेलं दिसलं की मगच तिच्या घशाखाली चहा उतरे.

जूनअखेर तिच्या नवऱ्याचं, जयेशचं, काम दुसऱ्या शहरात, नागोयाला हललं.

“वॉर्ड ऑफिस बघेल गं आजींकडे,” जयेश म्हणाला.

“ऑफिसला पत्ता माहीत आहे रे. पेपर कधी आत जातो, ते कुठे माहीत आहे?”

निघायच्या सकाळी तिने मराठी बिऱ्हाडं येत त्या भारतीय वाण्याच्या दुकानात मराठीत चिठ्ठी लावली:

‘वाचणाऱ्यास कळकळीची विनंती. मागच्या इमारतीत २०४मध्ये कुवाबारा आजी एकट्या राहतात. नऊनंतरही दारात पेपर दिसला तर बेल वाजवा. कमी ऐकू येतं, पुन्हा वाजवा. जपानी येत नसलं तरी चालेल. त्या दार उघडेपर्यंत थांबा.’