पारवे उडवणारा पिपा

मी एक जुना तेलाचा पिपा आहे. अल्लीपूरच्या दुकानात माझ्यातलं तेल संपलं, तेव्हा वाटलं, आता भंगारातच जायचं. पण शेतकरीण तानाबाईंनी मला त्यांच्या वावरात नेलं, बाभळीला टांगलं आणि काठीनं बडवलं. मित्रांनो, भरलेला होतो तोवर मला कुणी ऐकलं नव्हतं. रिकामा झालो आणि माझा आवाज शिवारभर घुमू लागला!

पेरलेला हरभरा उकरून खायला पारव्यांचे थवेच्या थवे यायचे. मी एकदा दणाणलो की सगळे भुर्रकन पसार. “माह्या पिप्यासारखा राखणदार नाई,” तानाबाई म्हणायच्या आणि मी फुगून जायचो. पारवे उडून कुठे जातात, हे मात्र मी कधी पाहिलंच नाही.

वावराच्या कुंपणापलीकडे विमानांची धावपट्टी आहे. तिथं मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. एका सकाळी हर्षा नावाची मुलगी एकटीच छोटं विमान उतरवत होती. तानाबाईंचं सगळं लक्ष हरभऱ्यावर. त्यांनी काठी हाणली, मी जीव खाऊन ओरडलो. पारवे उठले आणि थेट विमानापुढे गेले. धाडकन आवाज झाला, समोरची काच फुटली. विमान डगमगलं, कसंबसं टेकलं.

तानाबाई कुंपणाकडे धावल्या. विमानातून उतरून कुंपणाशी आलेल्या हर्षाच्या गालावरून रक्त वाहत होतं.

“मावशी, पारवे कुठून आले, समजलंच नाई. माझंच चुकलं असेल,” ती रडत म्हणाली.

“तुहं नाई चुकलं वं माय. म्याच पिपा वाजवला. वर पाह्यलंच नाई.”

ओरडलो तर मीच होतो! काठीचे कितीतरी पोचे माझ्या अंगावर आहेत, पण त्या सकाळचा पोचा अजून सलतो.

गालाला पट्टी लावून हर्षा चार-पाच दिवसांनी पुन्हा उडाली. विमान उतरायला आलं, तेव्हा पारवे हरभऱ्यावर तुटून पडले होते. तानाबाईंनी काठी उचलली, वर पाहिलं आणि काठी खाली ठेवली. मी वाऱ्यानंही वाजू नये म्हणून त्यांनी माझ्यावर तळवा दाबून धरला.

“खाऊ दे त्याइले,” त्या पुटपुटल्या. “आधी पोरगी उतरू दे.”

विमान अलगद टेकलं.

मित्रांनो, आपल्या पिकाची राखण जरूर करा. पण आपण हाकललेलं कुणाच्या वाटेत जातं, तेवढं आधी पाहा. यंदा कुंपणालगतच्या ओळींत हरभरा विरळच उगवलाय. तिकडे नजर गेली की मला जरा बरं वाटतं.