घरच्यांची रांग

एफी मॅकेने चुलीतली राख बिस्किटांच्या डब्यात भरली आणि झाकण गच्च दाबलं.

"शनिवारी पोलीस नेतील तुला," तिचा भाऊ रोरी चहा ढवळत म्हणाला.

"नेऊ देत. त्या कारभाऱ्याच्या नावाचा बाक, आणि तोही आपल्याच दरीत! लाजा सोडल्यात मेल्यांनी."

मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावून दरी रिकामी करताना जमीनदाराचा कारभारी लॅकलन सिंक्लेअर याने या दोघांच्या खापरपणजोबांचं, डोनल्ड मॅकेचं, छप्पर पेटवलं होतं. मॅकेंच्या घरात तेव्हापासून कुत्र्यालाही लॅकलन म्हणत नसत. हा राग एफीने दागिन्यासारखा जपला होता. आता कारभाऱ्याचा वंशज एवन त्याच्या स्मरणार्थ बाक बसवत होता. भर समारंभात त्यावर राख ओतून एफी बेघर झालेल्यांची नावं वाचणार होती. नावांत चूक नको, म्हणून ती संगणकावर जुन्या खानेसुमारीच्या याद्या धुंडाळत होती.

"सापडले! आगीनंतरच्या वर्षीची यादी. किनाऱ्यावर राहतायत बिचारे. डोनल्ड, बायको क्रिस्टीना, मुलं अँगस, बार्बरा..." ती थांबली. "आणि लॅकलन. एक वर्षाचा."

रोरीचा चमचा थांबला. "आपल्यात लॅकलन?"

"दुसरा मुलगा."

"मीही दुसराच. म्हणून तर आईच्या वडिलांचं नाव पडलं मला. सगळ्यांकडे तसंच असतं."

"आणि पहिल्या मुलीला आईच्या आईचं," एफी पुटपुटली.

तिने दहा वर्षं आधीची यादी उघडली आणि कारभाऱ्याचं घर शोधलं. लॅकलन सिंक्लेअर. त्याखाली बार्बरा. त्याखाली क्रिस्टीना, वय पंधरा.

रोरीने चमचा बशीत ठेवला.

"म्हणजे आपण सिंक्लेअरसुद्धा," रोरी हळूच म्हणाला.

"तोंड आवर," एफी फणकारली. "पोटच्या पोरीचं घर जाळलं त्याने. नातू तान्हा होता, त्याचंच नाव ठेवलेला."

"मग आता राख राहू दे?"

एफीने डबा उचलून मांडीवर घेतला.

शनिवारी दरीत बोचरा वारा होता. एवनने बाकावरचं कापड काढलं. "आता कारभाऱ्यांच्या घरच्यांनी पुढे यावं," तो म्हणाला. सिंक्लेअर मंडळी फुलं घेऊन रांगेत उभी राहिली. एफी कोपराने वाट काढत त्यांच्या पुढे गेली.

"एफीबाई, हे फक्त घरच्यांसाठी आहे हो," एवन कसनुसं हसला.

"माहीत आहे. सरक जरा."

तिने डबा उघडला. ओतायची ठरवलेली राख तिने ओंजळीत घेतली आणि कोरलेल्या नावाखाली, फुलांशेजारी नीट ठेवली.

"ही त्याच्या मुलीकडून. क्रिस्टीनाकडून."

"कोण क्रिस्टीना?" एवनने विचारलं.

राखेचे हात तिने कोटाला पुसले आणि ती घरच्यांच्या रांगेत, एवनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.