मान वळवणारी मोटर

मोटरच्या दांड्याला टांगलेल्या बादलीत पाचवा लिटर पडला आणि दांडा अर्ध्यावरच थबकला. आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत राहिला. शीलानं मोटरच्या अंगाला बोट लावलं आणि चटका बसताच वायर उपटली.

"बंद पडली?" जफरनं विचारलं.

"बंद नाई पडली. जोर लावून राह्यली होती, पण उचलत नव्हती."

"डब्यावर तं पंचवीस लिव्हलं हाय."

पंचवीस म्हणजे, दांडा एक सेंटिमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला पंचवीस किलो. शीलानं चार सेंटिमीटरचा दांडा लावला होता. त्या हिशेबानं सहा लिटर पाणी उचललं जायला हवं होतं. ही पाचावरच बसली. जफरनं चार स्क्रू काढले आणि मोटरचं झाकण उघडलं. आत चार दातेरी चाकं होती. तीन पितळी, एक पांढरं प्लास्टिकचं. त्या पांढऱ्याचे दोन दात झडले होते.

"तीन पैलवान अन् एक लेकरू," जफर म्हणाला. "मार कोन खाईन? लेकरूच."

बाभुळगावात जफरचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. बाकावर वॉशर, नोझल, तुटक्या नळ्या पसरल्या होत्या आणि दुकानाच्या मधोमध ती गाडी उभी होती. लोखंडी अँगलचा सांगाडा, मागच्या दोन चाकांना भंगारातल्या जीपच्या वायपरच्या मोटरी, वर सोळा लिटरची टाकी, आणि एका उभ्या पाइपला डावीउजवीकडे तोंड केलेली चार नोझल. लांबून रिमोटनं चालवायची. पुढची चाकं वळवायला एक छोटी सर्व्हो मोटर लागते. रिमोटचं चाक जेवढं फिरवावं तेवढीच फिरणारी आणि तिथंच धरून ठेवणारी. जफर तिला मान वळवणारी म्हणायचा. सगळी गाडी त्या मानेवर अडून बसली होती. पहिली निळी मोटर खेळण्यातली निघाली, ती दुकानाच्या उंबरठ्यावरच गेली. आता ही दुसरी.

"आकडा खरा असता तरी भागलं नसतं," शीला म्हणाली. "तो आकडा ती किती काम करते ते नाई सांगत, जफरभाई. ती कुठं हरते ते सांगते."

"मंग काम किती करवायचं?"

"अर्ध्याच्या आत. रोज करवायचं असंल तं."

जफरनं पांढरं चाक बोटांत फिरवून पाहिलं. "हे मानसाच्या पाठीवर बी लिव्हाले पाह्यजे कोनी," तो म्हणाला.

शीला गावातल्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होती. चौदा वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडणी करत आली होती. ताणकाटे पुसायचे, वजनं क्रमानं लावायची, तास संपला की सगळं पुन्हा कपाटात. त्या ताणकाट्याला स्वतः काही विचारावं अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती गेल्या वर्षी आली.

गेल्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली, बोंडअळी आली, आणि माणसं त्या उंच पऱ्हाटीत शिरून तोंडावर येणाऱ्या फवाऱ्यात दिवसदिवस चालली. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत खाटा पुरेनात. शीलाचा नवरा राजदीप आठ दिवस तिथं होता. त्यातले दोन दिवस त्याला काही दिसत नव्हतं. फवारणी करणारा म्हणून आसपासच्या गावांत त्याचं नाव होतं. त्याच्या हातून औषध मातीवर पडत नसे की एका झाडावर दोनदा बसत नसे. सुटी देताना डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा अंगात विष गेलं तर तो वाचेल याची हमी त्यांना देता येणार नाही. राजदीपनं मान डोलावली होती. आणि आता पूनमसिंग नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडं येत्या गुरुवारी फवारणीला येतो, असं तो कबूल करून बसला होता.

शीलानं त्याच्याशी वाद घातला नाही. तो तिनं उन्हाळाभर घालून पाहिला होता. शेवटी ठरलं ते एवढंच की गुरुवारपर्यंत गाडी चालली तर तो रिमोट घेईल, नाही चालली तर पंप.

आज शुक्रवार होता.

शनिवारी तिनं कॉलेजातून ताणकाटा आणला आणि टाकी भरून, दुकानातल्या फरशीवर पुढचं चाक ओढून पाहिलं. वळवायला किती जोर लागतो ते डब्यावरच्याच मापात काढून कागदावर लिहिलं. सहा. मनात लगेच गणित सुरू झालं, बाराची मोटर पुरे, पंधराची म्हणजे चैन. जफर दारात पाय पसरून तिच्याकडं बघत होता.

"ताई, फरशीवर पऱ्हाटी कोन लावते?"

ती थांबली. मग तिनं गाडीचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं, आणि दोघांनी ती दुकानामागच्या रिकाम्या वावरात नेली. परवाचा पाऊस जमिनीत होता. काळी माती चाकाला धरली, मग मातीला माती धरली, आणि दहा पावलांत चाक भाकरीच्या तव्याएवढं मोठं झालं. ताणकाटा लावून पुन्हा तोच हिशेब केला तर अठरा आले. शीलाला स्वतःचाच राग आला. जन्म या मातीत गेला आणि माप घेताना ती आठवली नाही.

अठराच्या दुप्पट छत्तीस. म्हणजे चाळीसच्या घरातली, आणि सगळे दात धातूचे. तिनं रविवारभर फोनवर मोटरी पाहिल्या. घरात एका जागी बसवेना. स्वयंपाकघरात एक पान वाचायची, अंगणात दुसरं. राजदीप ओट्यावर बसून तिची ये-जा पाहत होता. तिनं यवतमाळच्या एका दुकानाला फोन केला, त्यांच्याकडं दोन होत्या. तिनं दोन्ही मागवल्या. सोमवारी दुपारच्या एसटीनं पुडकं आलं.

दोन्ही खऱ्या निघाल्या. बादलीत दहा लिटर पाणी भरलं तरी दोन्हींनी ती उचलली. जफरनं उघडून पाहिल्या, आत सगळं धातूचं. फरक दुसरीकडं होता. एक इतकी चपळ होती की रिमोटचं चाक केसभर हललं तरी तिचा दांडा तेवढाच हलून उभा राहायचा. दुसरी सावकाश उठायची, आणि रिमोटचं चाक चार अंश फिरेपर्यंत तिला पत्ताच नसायचा. शीलानं कोनमापक लावून दोनदा मोजलं. दुसरीपुढं तिनं लिहिलं, सुस्त, नको.

मंगळवारी चपळ मोटर बसवली. कॉलेजच्या मैदानावर शीलानं गाडी चालवली, जफरनं चालवली. गाडी आखल्यासारखी सरळ गेली. जफरनं चहा मागवला आणि दुकानावर पाटी बदलतो म्हणाला.

बुधवारी सकाळी पूनमसिंगच्या वावरात नेली. पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती. टाकीत नुसतं पाणी होतं. पूनमसिंग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा होता, आणि शीलानं रिमोट राजदीपच्या हातात दिला.

गाडी निघाली आणि पुढची चाकं थरथरायला लागली. मोटर भुंग्यासारखी गुणगुणू लागली. गाडी दहा हात गेली, डावीकडच्या झाडांत शिरली, परत आली, उजवीकडं शिरली. राजदीपनं ती थांबवली. थांबलेल्या गाडीचीही चाकं थरथरत होती.

जफरनं रिमोटचे सेल बदलले. तार दाबून पाहिली. शीला बॅटरीच्या जोडण्या तपासत होती, वीज कमी पडत असेल म्हणून. मग तिनं रिमोट राजदीपच्या हातातून घेऊन दगडावर ठेवला. चाकं शांत झाली. जफरच्या हातात दिला. शांत. तिनं स्वतः धरला. शांत. एकच गोष्ट तपासायची राहिली होती, आणि चौदा वर्षांच्या सवयीनं तिचा हात पुढं झाला. तिनं रिमोट राजदीपला परत दिला. मोटर गुणगुणायला लागली.

आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. राजदीपचा हात तिनं सगळ्यांदेखत उघडा पाडला होता.

पूनमसिंगनं पऱ्हाटीकडं तोंड फिरवलं आणि कुणी न विचारताच सांगू लागला की यंदा सापळ्यात बोंडअळीचे पतंग लवकर दिसले, उद्याचा दिवस चुकवून चालणार नाही. जफर खाली बसून चाकाची माती खरवडायला लागला. राजदीपनं रिमोट हळूच गाडीच्या टाकीवर ठेवला.

"मले पंपच बरा," तो म्हणाला. "उद्या पंपानं करतो, भाऊ."

परतताना जफर गाडी टेंपोत घालून पुढं गेला. ही दोघं पायी निघाली. बराच वेळ शीला त्याच्या एक पाऊल पुढं चालत होती. सावकाश चालणं तिला जमत नव्हतं.

"कवापासून?" तिनं मागं न बघता विचारलं.

"दवाखान्यातून आलो तवापासून. वाटलं कमी होईन."

"मले सांगितलं नाई."

"तुले काय सांगू? तू आधीच इकडून तिकडं फिरून राह्यली." थोडं चालून तो पुढं बोलला, "पंपाची नळी हातात असली की हात हालवाच लागते. दिसत नाई कोनाले."

शीला थांबली. तो पुढं निघून गेला. तो फवारणीचा हट्ट का धरून बसला होता हे उन्हाळाभर तिला समजलं नव्हतं. ते या एका वाक्यात होतं. ती तिथूनच वळली आणि जफरच्या दुकानाकडं चालू लागली, मग जवळजवळ धावू लागली.

जफर गाडी उतरवत होता.

"मी चालवतो उद्या," तो म्हणाला. "दुकान बंद ठेवतो एक दिवस."

"अन् परवा? अन् त्यायनं काय करायचं, धुऱ्यावर बसून तुमाले पाहायचं?" तिनं खिशातला कागद काढून त्याच्यापुढं धरला. "ती दुसरी द्या. सुस्तवाली."

जफरनं कागद वाचला. चार अंश. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग डबा उघडला. मोटर बदलली, आणि शीलाच्या सांगण्यावरून तिचा दांडाही कापून आखूड केला. दांडा आखूड म्हणजे जोर जास्त आणि चाकाची हालचाल कमी. गाडी आता एका दमात वळणार नव्हती, मागंपुढं करत वळवावी लागणार होती. ते चालणार होतं.

"राजदीपभाऊनं इचारलं तं काय सांगू?" जफर म्हणाला.

"ती गरम होत होती म्हना."

रात्री जेवताना तिनं राजदीपला तेच सांगितलं. मोटर बिघडली होती, बदलली, उद्या एकदा चालवून पाहा. सकाळी त्यानं पंप उचलला नाही.

गुरुवारी वारा पूर्वेचा होता. शीलानं रजा टाकली होती. प्रयोगशाळेतला चष्मा आणि कोपरापर्यंतचे मोजे घालून औषध तिनं कालवलं, टाकीत ओतलं, आणि ती बाजूला झाली. राजदीप वाऱ्याच्या वरच्या अंगाला तीस हातांवर उभा राहिला. त्यानं रिमोट दोन्ही हातांनी पोटाशी धरला. गाडी पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात शिरली. नोझल सुरू झाली.

चाकं सरळ होती.

तासाच्या टोकाला त्यानं ती तीनदा मागंपुढं करून वळवली. पूनमसिंग बघत होता. "हिची मान आखडली का?" तो म्हणाला.

"वय झालं तिचं," राजदीप म्हणाला. "सांभाळून घ्या लागते."

चौथी ओळ झाल्यावर टाकी भरायला गाडी धुऱ्याशी आली. पूनमसिंग झाडांत वाकून पानांची खालची बाजू तपासत होता, जफर लांब बाभळीखाली बसला होता. राजदीप शीलाजवळ आला.

"ही कालची नाई."

"ती गरम होत होती."

"जफरभाई बी हेच बोलला. शब्द न शब्द." त्यानं गाडीच्या पुढच्या चाकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "भर टाकी. ऊन वाढून राह्यलं."

पूनमसिंगनं दोन पानं तोडून आणली, उलटी करून जफरला दाखवली. दोन्ही अंगांनी ओली होती. दुपारपर्यंत निम्मं वावर झालं, उरलेलं शुक्रवारी करायचं ठरलं.

संध्याकाळी शीलानं कपडे भिजवायला काढले. राजदीपचा शर्ट तिनं नाकाशी धरला. घामाचा वास होता, धुळीचा होता, आणखी कसलाच नव्हता. गळ्याजवळची दोन बटणं लागलेलीच होती. बोटांना ती सुटली नसावीत, शर्ट त्यानं डोक्यावरून ओढून काढला होता. तिनं ती बटणं काढली आणि शर्ट पाण्यात टाकला.