बाळंतिणीचा पंखा

आमच्या मयूरला लाज फार. बापाच्या माघारी मी डुकरं पाळली, त्यांच्यावर हा बी.कॉम. झाला, आणि कोणी विचारलं तर "आमचा कांदा असतो" म्हणून सांगायचा. परवा मनमाडहून मुलीकडचे घर बघायला यायचे, तर हा सकाळपासून उदबत्त्या लावत फिरत होता.

"आई, आज तू शेडात जायचं नाय. लुगड्याला वास लागंल."

"गोरी कालच व्यालीय. तिच्याकडं कोण बघंल?"

"मी बघतो ना!"

गोरी म्हणजे आमची थोरली डुकरीण. डुकराला घाम येत नाही, हे यानंच मला मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. वैशाखात बाळंतीण तापली की खाणं सोडते, दूध आटतं. म्हणून तिच्या मानेवर ठिबकची नळी सोडलेली आणि समोर मोठा पंखा. पिलांना मात्र ऊब लागते. ती कोपऱ्यातल्या पेटीत, बल्बखाली.

पाहुणे आले. मी पाणी घेऊन ओसरीवर गेले, तर गोरीचा पंखा पाहुण्यांच्या तोंडासमोर फिरतोय.

"ह्यो हिथं कसा रं?"

"आई, पोहे आण ना," मयूर दात दाखवत म्हणाला.

कसले पोहे! मी तांब्या ठेवून शेडाकडं वळलेच होते, तेवढ्यात मुलीचे वडील देवराम उठले. "चला मावशी, मलाबी दाखवा तुमची डुकरं. लय नाव ऐकलंय. त्याच्यासाठीच तर आलोय."

मयूरचं तोंड उतरलं.

शेडाला चहूबाजूंनी ताडपत्री आवळलेली. ओलीनं वास सुटतो म्हणून ठिबकही बंद. मी गाठ सोडली, तर आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. गोरी आडवी पडली होती, तोंडाला फेस. पिलं पेटीतून बाहेर येऊन तिला लुचत होती. एक सड सोडायची, दुसरा धरायची.

मी हात लावला. अंग अजून तापलेलं होतं. पण ती गेली होती.

"दोन तासांचाच तर प्रश्न होता, आई," मयूर पुटपुटला.

मी एकेक पिलू ओच्यात घेतलं. नव्या लुगड्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

"मयूर, पाहुण्यांच्या देखत सांगते. तुझ्यासाठी मी कुणाची पोरगी मागणार नाय. बाळंतिणीवरचा पंखा काढून नेतोस तू. तुझ्या घरात कुणाच्या लेकीनं बाळंत व्हावं?"