बरणीची साक्ष

लखूच्या घरात वीज राहायला आली ती बिस्किटांच्या बरणीत. बरणी कॅसलरॉक ठेसनावरच्या चहावाल्याची, झाकण फुटलं म्हणून त्यानं टाकून दिलेली. लखूला टाकलेल्या वस्तूंचा भारी सोस. ठेसनात तारयंत्राच्या बॅटऱ्यांत नवसागराचं पाणी भरायचं काम त्यानं काही वर्षं केलं, आणि ते सोडून दिग्गी गावाच्या अलीकडच्या आपल्या वाडीत परतला तेव्हा पगार किती साठला हे बायकोनं विचारूच नये असा त्याचा चेहरा होता. पाठीवरच्या हाऱ्यात नुसत्या जुन्या बॅटऱ्या.

बॅटऱ्यांच्या जोडीला अणशीच्या घाटात कोसळलेल्या एका मोटारीतला लाकडी डबा मिळाला. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, वर पोलादाची एक पट्टी. डब्याला बॅटऱ्या जोडल्या की ती पट्टी भुंग्यासारखी गुणगुणायची आणि तारांच्या दोन टोकांमध्ये निळी ठिणगी उडायची. लखू पोरासारखा खूश झाला आणि त्यानं डब्याचं नावच भुंगा ठेवलं. पण ठिणगी उडाली की संपली. ती साठवून ठेवता आली तर? ठेसनातल्या तारबाबूनं एकदा सांगितलं होतं की काचेला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावला की वीज तिथं मुक्काम करते. लखूनं चहाच्या पेटीतला पातळ पत्रा भाताच्या खळीनं बरणीला दोन्ही अंगांनी चिकटवला. तोंडाला मेणात बुडवलेलं लाकडी बूच बसवलं, त्यातून सळई खाली आतल्या पत्र्याला टेकवली आणि सळईच्या डोक्यावर पलंगाची पितळी गुंडी चढवली.

बरणी काही भरेना. एक तार बाहेरच्या पत्र्याला आणि दुसरी थेट गुंडीला बांधून त्यानं भुंगा गुणगुणत ठेवला, पण हात लावला तर काही नाही. बरणी चुलीवर धरून खणखणीत वाळवली, तरी तेच. शेवटी एक दिवस गुंडीची तार आपणहून निसटली आणि तिच्यापासून जरा लांब राहिली. मधल्या फटीतून ठिणग्या टपाटप उड्या मारू लागल्या. लखूनं एका हातात बरणी धरून दुसऱ्यानं गुंडी चाचपली, आणि तो अंगणात धपकन बसला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. त्यानं तार पुन्हा घट्ट बांधून पाहिली, बरणी रिकामी. फट ठेवली, बरणी भरली. उडी मारून आत गेलेल्या विजेत परत उडी मारण्याइतका जोर उरत नसावा, असं त्यानं आपलं ठरवून टाकलं. बायकोनं, फुलानं, तेवढ्यात भाताचं भांडं दुसऱ्या खोलीत हलवलं.

मग काय, सगळी वाडी झटका खायला लखूच्या अंगणात. चावणारी बरणी म्हणून तिचं नाव पार डोंगरापलीकडं गेलं.

अशातच देवाचे चांदीचे डोळे नाहीसे झाले. देऊळ झाडून दिवा लावायचं काम पारूचं. नवरा गेलेली बाई, पदराला मूल नाही, नावावर भाताचं एक खाचर. तिचा दीर चंद्रा म्हणाला, दुसरं कोण आत जातं? त्या खाचरावर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असून बोलायचं नाही ही आपली जुनी खोड. एरवी देवाचा कळस उचलून शपथ घेतली की विषय मिटायचा. चंद्रा म्हणाला, "शपथ कोन बी घेतंय. लखूची बरनी हाय न्हवं? खोटं बोलनाऱ्याला ती चावंल." वाडीचा प्रमुख म्हणजे बुधवंत, त्यालाही ते पटलं. बरणी चावली तर पारूनं वाडी सोडायची.

पारू तशीच लखूच्या अंगणात आली. रडली नाही. बरणीसमोर उकिडवी बसून तिनं विचारलं, "भावा, ही फकस्त खोट्याला चावती, का समद्यांस्नी?"

लखू थबकला. त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं. "ठावं न्हाई, वैनी. बघून सांगतो."

त्यानं भुंगा सुरू केला, बरणी भरली, तारा काढल्या आणि गंभीरपणे म्हणाला, "माझं नाव चंद्रा." झटका. पुन्हा भरली. "माझं नाव लखू." तेवढाच झटका. मग फुलाला आपण कधी फसवलं नाही असं म्हणून पाहिलं, आणि फसवलं असंही म्हणून पाहिलं. दारातून फुला म्हणाली, "आता कंचं खरं ते बरनीला इचारू?" शेवटी काहीच न बोलता हात लावला. हात तसाच झिणझिणला.

"समद्यांस्नी," लखू म्हणाला. पारूनं मान हलवली. तिचे डोळे अजून त्या थांबलेल्या पट्टीवरच होते.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर वाडी जमली. लखूनं बरणी पाटावर ठेवली आणि सांगून टाकलं की हिला खरंखोटं कळत नाही. कुणी ऐकेना. ज्यानं वीज कोंडली त्याचंच विजेबद्दलचं म्हणणं कुणी मानेना, याचा त्याला मनापासून राग आला. तो म्हणाला, "मग आधी तुमी बगा की. तुमी तर चोर न्हवं?"

आता मागं कोण सरणार? पारूला बाजूला उभं करून बाकीच्यांनी हातात हात धरले. एका टोकाला बुधवंतानं बरणीच्या पत्र्यावर पंजा ठेवला, दुसऱ्या टोकाला चंद्रा. भुंगा गुणगुणला, बरणी भरली, लखूनं तारा काढल्या. "देवाचे डोळे आमी घेतले न्हाईत," सगळे एका सुरात म्हणाले. चंद्रानं डोळे मिटून गुंडीला बोट लावलं.

सगळी साखळी एकदम उडाली. बुधवंताची टोपी पडली. कुणी हात झटकू लागलं, कुणी शेजाऱ्यावरच खेकसलं. लखूला वाटलं, झालं, आता तरी उमजेल.

"आमचं झालं," चंद्रा दंड चोळत म्हणाला. "आता तिचं."

लखूचा हात बॅटरीच्या तारेकडं गेला. बरणी नुकती रिकामी झाली होती. ती भरायची तर भुंगा सुरू करायला हवा. त्यानं वर पाहिलं. पारू पुढं येऊन उभी होती आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. लखूनं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला.

"लाव हात, वैनी."

"मी न्हाई घेतले," पारू म्हणाली. एक हात पत्र्यावर, दुसरा गुंडीवर. काही झालं नाही. ती गुंडी धरून तशीच उभी राहिली.

बुधवंतानं टोपी उचलली, पण डोक्यावर घालायचं त्याला सुचेना. आपल्या सगळ्यांना लागला आणि हिला नाही, हा हिशोब हळूहळू चेहऱ्याचेहऱ्यावरून फिरला. चंद्रा तर सगळ्यांच्या आधी घराकडं वळला. डोळे कोणी नेले ते पुढंही कळलं नाही. देवाला नवे केले.

लखू सामान गुंडाळत होता. पारू मदतीला म्हणून थांबली. देवळापुढचं अंगण मोकळं झाल्यावर हळूच म्हणाली, "या खेपी भुंगा बोलला न्हाई."

लखूनं हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "व्हय."

"म्हंजे मी चोर न्हाई, ह्ये त्येंना कळलंच न्हाई अजून."

आयुष्यात पहिल्यांदा लखूला आपल्या बरणीची लाज वाटली.

पारूनं पाट ओढून त्याच्यापुढं सरकवला. "भर ती."

"कशापायी, वैनी?"

"समद्यांस्नी लागला. मला एकलीलाच ठावं न्हाई कसा लागतो."

लखूनं तारा जोडल्या. भुंगा गुणगुणला, फटीतून ठिणग्या उडाल्या, बरणी भरली तशा त्यानं तारा काढल्या. पारूनं एक हात पत्र्यावर ठेवून गुंडीला बोट लावलं, अंगभर दचकली आणि दंड धरून मटकन खाली बसली. मग त्या मुंग्या आलेल्या हाताकडं बघत हसू लागली. बऱ्याच दिवसांनी हसत होती.

"लागतो की रे," ती म्हणाली. "मला बी लागतो."