रोझलिंडची पोटाची वही

ओहाय गावात कच्चं खाणाऱ्यांच्या मंडळाचं सहभोजन होतं. तिथे ‘हलकं पोट’ या विषयावर रोझलिंडला बोलायचं होतं, आणि तिच्या पँटचं बटण लागत नव्हतं. शिजवलेलं खाणं सोडून तीन आठवडे झाले होते आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणायच्या, विष बाहेर पडतंय, आणखी कोबी खा.

“वही दाखव,” नवरा वेंडेल म्हणाला. खाल्लेलं सगळं ती वहीत टिपायची. “कच्चा कोबी, कच्चा फ्लॉवर, मोड आलेले हरभरे आणि वर अर्धं कलिंगड. अगं, गायीला यासाठी पोटात चार कप्पे दिलेत.”

“उकडलेले बटाटे खाणाऱ्याला काय कळणार?”

“माझं बटण लागतं, एवढं कळतं.”

रोझलिंडने वैतागून वही ओढून घेतली. कोबी, फ्लॉवर आणि हरभरे खोडले, कलिंगडापुढे ‘सकाळी रिकाम्या पोटी’ असं लिहिलं आणि सैल झगा चढवला.

मंडळात तिने भाषणाऐवजी वहीच वाचली, खोडलेल्या ओळींसकट. कोबीची ओळ आली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या अध्यक्षबाईंनी हळूच आपला पट्टा दोन भोकं सैल केला.